एप्रिल आणि बाबांचा डावा कान

एप्रिल लागला की आधी माझ्या नाकाला कळतं, कॅलेंडरला नंतर. एसटी कुरुंद्याच्या पुढं निघाली की खिडकीतून उकडलेल्या हळदीचा ओलसर, मातकट वास येतो. घरांच्या गच्चीवर, खळ्यावर, जिथं हातभर मोकळी जागा दिसेल तिथं हळद वाळत पडलेली असते. हळदीला पॉलिश करणारे ढोल दिवसभर गडगडत असतात. आणि त्याच सुमारास फाट्यापासून गावापर्यंत निळ्या पताका चढतात.

आमच्याकडे जयंती म्हटलं की कोणाची, हे विचारायचं नसतं. ती एका दिवसाची नसते, एवढं मात्र बाहेरच्यांना सांगावं लागतं. आज या गावाला, चार दिवसांनी शेजारच्या गावाला, अशी ती महिना-दीड महिना फिरत राहते. गायन पार्ट्या मोजक्या आणि गावं भरपूर. सगळ्यांनी एकाच तारखेचा हट्ट धरला तर गाणार कोण? म्हणून गावं आपसात तारखा वाटून घेतात. माझे बाबा अशाच एका पार्टीचे मुख्य गायक होते. त्यामुळं माझ्या लहानपणी एप्रिल म्हणजे बाबा घरी नसण्याचा महिना. ते यायचे तेव्हा आवाज बसलेला असायचा आणि आई त्यांना गरम पाणी द्यायची. बाबा खुणेनंच बोलायचे. आम्हाला तेव्हा त्या खुणांची गंमत वाटायची.

मला एप्रिल आवडत नाही. आमच्यात हे बोलून दाखवायची सोय नाही, म्हणून लिहून टाकते. यंदाही गावात गेले, हार घातला, खीर खाल्ली, सगळ्यांना जयभीम केला आणि भिंतीएवढ्या डीजेसमोरून मिरवणूक निघाली तेव्हा कानात कापसाचे बोळे घालून घरात जाऊन बसले. भाच्यानं विचारलं, "आत्या, तुला गाण्याचा एवढा कंटाळा काहून?" त्याला काय सांगणार!

नव्वदच्या दशकात डीजे नव्हते, कर्णे होते. ॲम्प्लिफायरची पेटी, बॅटरी, बांबूला बांधलेले चार कर्णे. तीन गावाकडं तोंड करून आणि चौथा गाणाऱ्यांकडं. हा चौथा कर्णा बाबांचा आग्रह. मंचावर आपला आवाज आपल्याला ऐकू आला नाही तर गाणारा सुरातून सुटतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून तो कर्णा त्यांच्या उजव्या खांद्यामागं, हात पुरेल एवढ्या अंतरावर बांधलेला असे. आणि बटण? बटण नेहमी शेवटपर्यंत पिळलेलं. "आवाज चार शिवारं गेला पायजे," ते म्हणायचे. अशी वीसेक वर्षं गेली. कोणी त्यांना थांबवलं नाही, कारण थांबवण्यासारखं काही आहे हे कोणाला माहीतच नव्हतं.

उजवा कान आधी गेला. मग डावा जाऊ लागला. आम्हाला हे घरात कळलं नाही, मंचावर कळलं. बाबा गाता गाता सुरावरून घसरू लागले. गंगारामकाका त्यांचे पेटीवाले, जन्माचे दोस्त. गाणाऱ्यानं पेटीच्या सुरात गायचं असतं, पण काका बाबांच्या मागं पेटी पळवायचे. बाबा खाली आले की काका पट्टी बदलून त्यांच्याखाली सूर सरकवायचे, वर गेले की वर. ऐकणाऱ्यांना वाटे, आज पेटीवाल्याचं काहीतरी बिनसलंय. काकांनी ती बोलणी दोन हंगाम खाल्ली. तिसऱ्या हंगामात पार्टीतल्या पोरांनी भांडण केलं नाही, नकार दिला नाही, फक्त निरोप पाठवायचा बंद केला. बाबा पांढरा सदरा घालून ओट्यावर बसून राहिले आणि पार्टीची जीप दुसऱ्या रस्त्यानं निघून गेली.

नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, उजव्यात आता काही उरलं नाही. डाव्यात जे थोडं उरलंय ते जपा, मोठ्या आवाजापासून लांब ठेवा. कानात घालायचं यंत्र दिलं. त्या यंत्रातून बाबांना हळदीचा ढोल ऐकू येई, भांडी ऐकू येत, कावळे ऐकू येत, माणसं तेवढी ऐकू येत नसत. आठ दिवसांत ते यंत्र फळीवर जाऊन बसलं.

आता माझं. मी हिंगोलीला आयटीआय केली, रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड. वर्गात पोरी दोनच. पुढं लग्न झालं आणि मोडलं. या लेखात त्यावर एवढंच. माहेरी येऊन मी बाहेरच्या खोलीत टीव्ही-रेडिओ दुरुस्त करू लागले. पंचक्रोशीत मला 'टीव्हीवाली बाई' म्हणत. लोक आधी हसले आणि मग बिघडलेले सेट डोक्यावर घेऊन येऊ लागले. मला त्याचा गर्व होता. तो गर्व इथं आधीच कबूल करते, कारण पुढं जे झालं त्यात त्याचा हात आहे.

तेव्हा भारनियमनाचा काळ होता. वीज जायची तासन् तास आणि यायची ती कधी कधी अशी उसळून की बल्ब फुटायचे. अशाच एका दिवशी आमच्या डीव्हीडी प्लेअरची मागची लाल आणि पांढरी भोकं मेली. टीव्हीला आवाज जातो तो तिथून. चित्र दिसे, आवाज नाही. मागं एकच भोक जिवंत राहिलं, केशरी रंगाचं, डिजिटल आवाजाचं. गावात त्या भोकात कोणी कधी काही लावलेलं नव्हतं.

बाबांनी लावलं. मी बाहेर गेलेली असताना त्यांनी एका गिऱ्हाइकाचे मोठे, उशीसारखे हेडफोन उचलले, माझ्या खोक्यातली एक वायर जोडली आणि केशरी भोकात खुपसली. मी आले तर हेडफोन कानावर दाबून बसलेले. "ह्याच्यात काईच न्हाई," म्हणाले. मला आधी हसू आलं. त्यांना वाटत होतं की आवाज येतोय, आपल्यालाच येत नाही.

बाबांशी बोलायला घरात पाटी ठेवलेली होती, तिच्यावर लिहून मी समजावलं. या भोकातून आवाज निघत नाही, आकडे निघतात. हेडफोनला आकडे कळत नाहीत. मधे एक कन्व्हर्टर लागतो, तो आकड्यांचा आवाज करून देतो. पण तो आवाज बारीक असतो, म्हणून त्याच्यापुढं ॲम्प्लिफायर, आणि मग हेडफोन. बाबांनी पाटी वाचली. "म्हंजे दुभाष्या पायजे," म्हणाले.

नवा प्लेअर आणता आला असता. एका दिवसाचं काम. पण मेकॅनिकच्या घरात नवं यंत्र येणं म्हणजे हार, असं मला तेव्हा वाटे. शिवाय मनात एक गोष्ट आली होती. कानातलं यंत्र जगाचा सगळा गोंगाट आत घेतं. हेडफोन फक्त गाणं आत सोडेल. नांदेडला केबलच्या कंट्रोल रूममध्ये माझी आयटीआयची मैत्रीण सुरेखा काम करायची. तिच्याकडून एक जुना कन्व्हर्टर आणला. ॲम्प्लिफायर मी स्वतः बांधला, स्टीलच्या जेवणाच्या डब्यात. झाकणाला भोक पाडून बटण बसवलं. आई म्हणाली, "चांगला डबा नासला पोरीनं."

पहिल्यांदा लावला तो दिवस मला लख्ख आठवतो. सकाळची वेळ होती, ओट्यावर हळदीचे हात धुतलेलं पिवळं पाणी वाहत होतं. बाबांच्याच एका जुन्या कार्यक्रमाची व्हीसीडी होती, आवाज अगदी खोल गेलेला. मी बटण हळूहळू फिरवत गेले. बाबा मान हलवत होते, नाही, नाही. बटण शेवटाला पोचलं. बाबांची मान थांबली. डोळे मिटले. मग त्यांनी बोटानं हवेत पेटीची पट्टी दाबून दाखवली आणि म्हणाले, "काळी दोन."

ती काळी दोनच होती.

त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस आमच्या घरात जे होतं त्याला सुख म्हणायला माझी हरकत नाही. वीज असेल तेवढा वेळ बाबा डबा लावून बसत आणि व्हीसीडीतल्या पेटीबरोबर गात. सुरात गात. गंगारामकाका ऐकायला आले, दारातच थांबले, चप्पल न काढता मागं वळले आणि लिंबाखाली जाऊन डोळे पुसत उभे राहिले. मग पार्टीच्या पोरांना घेऊन आले. ठरलं असं की आपल्या गावच्या जयंतीत पहिलं गाणं बाबांचं. मंचावर डबा घेऊन बसायचं, पेटीला वेगळा माईक, तो डब्यात, डब्यातून हेडफोन. पार्टीतला एक पोरगा भीत भीत म्हणाला, "काका, लोक हसतील." मी ते पाटीवर लिहून दाखवलं. बाबा म्हणाले, "हसू द्या. बेसूर गाण्यापरीस हसलेलं बरं."

माणसाला काय हवं असतं हे बाहेरून कळत नाही. आम्हाला वाटायचं, बाबांना मान हवाय. त्यांना फक्त खात्री हवी होती की आपण लावलेला सूर तोच आहे.

आता चूक. प्लेअरच्या सेटिंगमध्ये डिजिटल आवाजासाठी दोन पर्याय होते. एकात आकडे साधे, उलगडलेले बाहेर येतात. दुसऱ्यात डीव्हीडीवरचे आकडे गुंडाळलेल्या गठ्ठ्यासारखे जसेच्या तसे बाहेर टाकले जातात. माझ्या कन्व्हर्टरला गठ्ठा सोडता येत नव्हता. असा गठ्ठा त्याच्याकडं गेला तर तो त्यालाच आवाज समजून बाहेर काढतो आणि निघते ती नुसती खरखर, असेल नसेल तेवढ्या जोरानं. आमचा प्लेअर गठ्ठ्यावर लावलेला होता. मी ते पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. पण व्हीसीडीचे आकडे दोन्हीकडून साधेच येतात, त्यामुळं आवाज येत होता, आणि आम्हा मेकॅनिक लोकांची एक सवय असते: चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. हात लावला की नवीन दुखणं. चालतंय ना, मग राहू दे. मी काही न बदलता सेटिंगमधून बाहेर आले आणि टीव्ही पुसायला घेतला.

जयंतीला आठवडा होता. पार्टीच्या कार्यक्रमांचं शूटिंग करणाऱ्यानं वसमतहून नव्या गाण्याची चाल भरलेली डिस्क पाठवली. आजवर तो व्हीसीडी द्यायचा. त्या वर्षी पहिल्यांदा त्यानं डीव्हीडी काढली होती, आणि तिच्यावर तसं लिहिलेलंही होतं. मी वाचलं. दुपारी दोनला वीज आली. मी डिस्क घातली, बाबांना हेडफोन दिले. डब्याचं बटण शेवटावरच होतं, ते कधी मागं येतच नव्हतं. पडद्यावर सुरुवातीला गर्दी दिसत होती, हात वर करून टाळ्या वाजवणारी. तेवढ्यात आईनं गच्चीवरून हाक मारली. तिनं लोकांची हळद वाळवायला घेतली होती, ती उलथायची होती. बाबांनी हातानं खूण केली, जा तू.

गच्चीवर मी सगळी हळद उलथली. किती वेळ लागला? मी हा हिशोब खूप वेळा केला आहे आणि प्रत्येक वेळी मधेच सोडला आहे. जिना उतरताना मला फोडणीसारखा चरचर आवाज आला. मी आधी चुलीकडं गेले. चूल विझलेली होती. मग बाहेरच्या खोलीत आले.

बाबा डोळे मिटून बसले होते. दोन्ही हातांनी हेडफोन कानावर घट्ट दाबलेले. चेहऱ्यावर हसू. मान डोलत होती. मी झेपावून वायर उपटली.

"काहून बंद केलं माय?" बाबा मोठ्यानं म्हणाले. "लई टाळ्या वाजून राहिल्या व्हत्या. थांबतच नव्हत्या."

मी काहीतरी बोलले. काय बोलले ते मलाही आठवत नाही आणि त्यांना तर ऐकूच आलं नव्हतं.

तीन दिवस त्यांच्या डाव्या कानात शिटी वाजत होती. चौथ्या दिवशी त्यांनी डबा लावायला सांगितला. सेटिंग मी तोवर बदलून ठेवलं होतं, दार लावून, चोरासारखं. व्हीसीडी घातली. बटण शेवटापर्यंत नेलं. बाबांची मान हलत राहिली, नाही, नाही. थोड्या वेळानं त्यांनी स्वतःच हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "वय झालं," म्हणाले. आई पदराला हात पुसत दारात उभी होती, ती माझ्याकडं पाहू लागली. मी वायर गुंडाळत राहिले.

नांदेडला त्याच डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी कान तपासले आणि विचारलं, "इतक्यात जवळ काही मोठा आवाज झाला का?" प्रश्न बाबांना होता. बाबांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांचा दुभाष्या मीच होते. मी पाटीवर काहीच लिहिलं नाही. डॉक्टरांना म्हणाले, "नाही."

खरं सांगितलं असतं तर वेगळं औषध मिळालं असतं का, हे मी आजवर कोणालाही विचारलेलं नाही. विचारायची हिंमत नाही, असं सरळच म्हणते.

जयंतीच्या दिवशी गंगारामकाका बोलवायला आले. बाबांनी पांढरा सदरा घातला, पण मंचाकडं गेले नाहीत. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसून पोरांचे ओठ बघत राहिले. मधेच एका ठिकाणी त्यांनी टाळी वाजवली, ती चुकीच्या जागी पडली. शेजारच्यांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

डबा मी खोलला नाही, विकला नाही, भंगारातही दिला नाही. आईनं पुढं कधीतरी आतलं सगळं काढून त्यात मोहरी भरली.

यानंतर बाबा एक गोष्ट सांगू लागले. कोणीही पाहुणा आला, सोयरा आला, की हमखास. "कान जायच्या आधी म्या मशीनमधी टाळ्या ऐकल्या. अशा टाळ्या जन्मात कधी पडल्या न्हाईत. हजारो माणूस. कान जाता जाता मला ऐकवून गेला." बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही, त्यामुळं ही गोष्ट अर्ध्या गल्लीला ऐकू जाई. एप्रिलमध्ये पाहुण्यांचा राबता, म्हणजे एप्रिलमध्ये ती रोज. लोक भारावून माना हलवत. मी स्वयंपाकघरात भांडी घासत असे. घासलेली भांडी पुन्हा घासत असे. बाहेर बसून बाप आपल्या आयुष्यातला सर्वात मोठा मान सांगतोय आणि तो मान म्हणजे आपली चूक आहे, हे ऐकत बसण्यापेक्षा मार खाल्लेला परवडला असता.

तीन एप्रिल मी असे काढले. चौथ्या वर्षी मला सहन होईना. हे मी बाबांसाठी केलं असं म्हणायला मला आवडेल, पण ते खरं नाही. मला माझं ओझं उतरवायचं होतं. दुपारी आई बाहेर गेलेली असताना मी वहीचं पान फाडलं आणि सगळं लिहिलं. सेटिंग, डीव्हीडी, शेवटापर्यंत पिळलेलं बटण, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं. खाली लिहिलं, कान वयानं गेला नाही, माझ्यामुळं गेला. पान त्यांच्या हातात दिलं आणि समोर बसले.

बाबा ओळीवर बोट ठेवून वाचत. त्या दिवशी त्यांचं बोट फार हळू चाललं. एकदा खालपर्यंत गेलं, मग पुन्हा वर आलं आणि मधल्या एका ओळीवर थांबलं. मला वाटलं, आता रागावतील. मी त्याची वाट पाहत होते. रागावले असते तर बरं झालं असतं.

बाबांनी वर पाहिलं.

"मंग त्या टाळ्या?" म्हणाले.

मी लिहिताना सगळ्याचा विचार केला होता, याचा केला नव्हता. पेन माझ्या हातात होतं. काहीही लिहिता आलं असतं. टाळ्याही होत्या, खरखरीच्या आधी होत्या, असं लिहिलं असतं तर त्यांना कोण सांगायला जाणार होतं? पण खरं बोलायला निघालेल्या माणसाला एक नशा असते, आणि मी त्याच पानावर खाली लिहिलं, नव्हत्या.

एवढा एक शब्द ते बराच वेळ वाचत होते. मग पानाची घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि म्हणाले, "च्या कर."

दहा-बारा दिवसांनी आखाडा बाळापूरहून आईचे मामेभाऊ जयंतीला आले. जुने, गाण्याचे दर्दी. बाबांची गोष्ट त्यांनी कोणाकडून तरी ऐकली होती आणि ती त्यांच्याच तोंडून ऐकायची होती. त्यांनी कानाला हात लावून खुणेनं विचारलं, कसं झालं हे? आईला गोष्ट पाठ होती. तिनं हसून दोन्ही हातांनी टाळी वाजवून दाखवली, म्हणजे सांगा म्हणून. मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते.

बाबांनी आईच्या हातांकडं पाहिलं, मामांकडं पाहिलं. माझ्याकडं पाहिलं नाही.

"वयानं गेला," म्हणाले.